मालक, ते फडकं दाखवा



सातारा-सांगली रस्त्यावर तुमचं वॉशिंग सेंटर आहे. त्याचं नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. भीड म्हणून नाही. असं फडकं या रस्त्यावर तुमच्या एकट्याकडे असेल यावर माझा विश्वास नाही. म्हणून हे पत्र ज्याच्या हाती पडेल, त्या प्रत्येक सेंटरवाल्यानं ते आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं.

तुमच्या पाटीवर लाल अक्षरांत ‘इंटेरिअर क्लिनिंग स्पेशल’ असं लिहिलंय. त्यातलं स्पेशल काय, ते आमच्या गाडीनं पाहिलं. तुमच्याकडच्या पोरानं ज्या फडक्यानं दाराची चौकट पुसली, पायाखालची मॅट पुसली, त्याच फडक्याची घडी उलटी करून मीटरवरचं पारदर्शक प्लॅस्टिक पुसलं. कोरडंच. गोल गोल, जोर लावून, चमक यावी म्हणून. मी सांगायला आलो तेव्हा तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणालात, “आवो, ह्या रेघा जुन्याच हायत.” गाडी उन्हात घेऊन तुम्हाला दाखवली, तेव्हा तुमचा सूर बदलला. “पोरगं नवीन हाय. त्याच्या पगारातनं कापतो.” आणि लगेच टूथपेस्टची ट्यूब मागवलीत.

रेघांपेक्षा ते पगाराचं वाक्य मला जास्त लागलं. रेघा कुणी पाडल्या याचा निकाल तुम्ही एका क्षणात लावलात, तोही चुकीचा. म्हणून हा सगळा खटला नीट मांडतो.

तुमचं ते फडकं आधी उन्हात धरा आणि त्यात काय काय आहे ते बघा. आपला हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून खडीची कच वाऱ्यावर उडते आणि काच वर असली तरी एसीच्या वाटेनं गाडीत शिरते. या पाषाणातल्या फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा खनिजांच्या मोजपट्टीवर सहाच्या पुढे. वाळूतला गारगोटीचा कण सातवर. आणि मीटरवरचं प्लॅस्टिक? ते बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्रिलिकचं नाहीतर पॉलिकार्बोनेटचं असतं आणि त्याच मोजपट्टीवर तीनच्या आसपास रेंगाळतं. आपलं नख अडीचवर आहे. म्हणजे ते प्लॅस्टिक नखापेक्षा जेमतेम कठीण, आणि तुम्ही त्यावर दगडाचा चुरा फिरवताय. पॉलिकार्बोनेट हातोड्याच्या घावानं फुटत नाही म्हणून लोक त्याला भक्कम समजतात. घाव सोसणं वेगळं आणि घासणं सोसणं वेगळं. चरा पडण्याच्या बाबतीत ते अ‍ॅक्रिलिकपेक्षाही हळवं आहे.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. गाळप हंगाम सुरू झाला, की कराडपासून वाळवा तालुक्यापर्यंत कारखान्यांच्या धुराड्यांतून चिपाडाची राख उडते. पांढऱ्या गाडीच्या टपावर ती काळी, भुसभुशीत दिसते. बोटानं चिरडली की भुकटी होते, म्हणून तुम्ही ती मऊ समजता. ऊस मातीतून सिलिका भरपूर ओढून घेतो. पाचटाच्या कडांनी तोडणी कामगारांचे हात चिरतात त्यात या सिलिकेचा वाटा आहे. चिपाड बॉयलरमध्ये जळतं, सिलिका जळत नाही. ती राखेत साठून राहते आणि त्या राखेचा सर्वांत मोठा भाग तीच असते. वाळूच्याच जातीची वस्तू आहे ती. नोव्हेंबर ते मार्च या काळात तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर ही राख पातळ थरानं बसलेली असते. तिच्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. पुसणं हा शब्द त्या कामाला लावू नका.

पुरानंतरची गोष्ट वेगळी काढायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, गाड्याही बुडाल्या. गाळ वाळल्यावर माणसं घाईनं पुसायला लागली. घरदार गेलेल्या माणसाच्या हाताला मी दोष देणार नाही. तुमच्याकडे मात्र कंप्रेसर आहे, पाण्याचा फवारा आहे, बारा महिने तोच धंदा आहे. तुम्हाला घाई कसली?

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी होती, कारण ती तुमच्या डोळ्यांसमोर रोज घडते. प्लॅस्टिक कोरडं घासलं की त्यावर स्थिर विद्युतभार चढतो आणि हवेतली धूळ ते स्वतःकडे ओढून घेतं. मग पोरगं म्हणतं, “मालक, परत धूळ बसली,” आणि पुन्हा घासतं. तुमच्या सेंटरमध्ये मीटरवर धूळ जास्त का बसते, त्याचं उत्तर तुमच्या कोरड्या फडक्यात आहे.

“बारीक रेघा हायत, काय होतंय त्यानं?” हेही तुम्ही म्हणालात. काय होतं ते सांगतो.

हिवाळ्यात सकाळी सांगलीहून साताऱ्याला निघालं आणि पेठनाक्यावरून महामार्गाला लागलं, की सूर्य उजव्या खांद्यामागे येतो. ऊन मागच्या काचेतून शिरून थेट मीटरवर पडतं. चांगलं अ‍ॅक्रिलिक बाण्णव टक्के प्रकाश आरपार जाऊ देतं, म्हणून मधे काही आहे हेच जाणवत नाही. चऱ्यांनी भरलेल्या प्लॅस्टिकवर ऊन पडलं, की प्रत्येक चऱ्याची कड ते इकडेतिकडे उधळते. स्टीलचं ताट दिव्याखाली धरल्यावर उजेडाभोवती गोल गोल रेषांचं जाळं दिसतं, तसंच जाळं मीटरवर दिसायला लागतं. रेघा सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाच्या ठिपक्याला आडव्या येतात तेवढ्याच प्रकाश डोळ्याकडे फेकतात. म्हणून ते वर्तुळ. त्या वर्तुळाच्या मागे काटा ऐंशीवर आहे की शंभरावर, ते कळत नाही. ऑइलचा लाल दिवा लागलाय की नाही, इंजिन तापलंय की नाही, ते कळत नाही. कळण्यासाठी पुढे वाकावं लागतं आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो, मागे रिफ्लेक्टर नसतो.

ही गाडी माझे वडील चालवतात. मिरजेत त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वॉन्लेस यांनी तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून आपल्या भागातली माणसं डोळे घेऊन मिरजेलाच जातात. वडिलांच्या डोळ्यांत आता जी भिंगं आहेत, ती तुमच्या पोराच्या हाताखाली आलेल्या प्लॅस्टिकच्याच कुळातली आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या कॉकपिटवरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक गोळीबारात फुटून त्याच्या ठिकऱ्या डोळ्यांत घुसायच्या. हॅरॉल्ड रिडली नावाच्या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की या ठिकऱ्या डोळा शांतपणे सांभाळून घेतो, चिघळत नाही. त्यावरून त्यांनी अ‍ॅक्रिलिकचं भिंग बनवून १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. माणसाच्या डोळ्यात बसण्याच्या लायकीची ही वस्तू आहे, मालक. वडिलांच्या डोळ्यातलं प्लॅस्टिक डॉक्टरांनी स्वच्छ बसवलं आणि डोळ्यासमोरचं तुम्ही ओरबाडलंत. त्यांना वाटलं, डोळाच पुन्हा गढूळ झाला. मला ते हसण्यावारी नेता येत नाही.

आता तुमच्या उपायांकडे येतो.

टूथपेस्ट. तिच्यात चुनखडीची भुकटी किंवा सिलिका असते, म्हणून ती घासते हे खरं. पण ती दाताच्या एनॅमलसाठी बनलेली आहे आणि एनॅमल मोजपट्टीवर पाचवर बसतं. अगदी पुसट रेघ तिनं कधी निघतेही. बऱ्याचदा तिच्या जागी धुरकट डाग येतो, कारण कण किती बारीक आहेत आणि सगळे सारखे आहेत की नाहीत, हे ट्यूबवर लिहिलेलं नसतं. तुम्ही तर न धुतलेल्या मीटरवरच ती थापायला निघाला होता. खालची कच तशीच, वर पेस्ट.

पेट्रोल किंवा थिनर. तुमच्या फडक्याला वास येत होता. डांबराचे डाग काढायला तुम्ही ते वापरता, ठीक. पारदर्शक प्लॅस्टिकला मात्र ते विष आहे. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट साच्यात ओतून घडवताना त्यांच्या पोटात ताण राहिलेला असतो. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल लागलं की तो ताण बारीक भेगांच्या रूपानं फुटतो. या भेगा आतवर जातात. चरा घासून काढता येतो, ही जाळी काढता येत नाही, वस्तूच बदलावी लागते. घरच्या खिडक्यांसाठीचा अमोनियावाला क्लीनरही त्याच यादीत टाका.

आणि तो चकचकीत स्प्रे. त्याच्याबद्दल माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो जाणूनबुजून वापरला जातो. त्यात सिलिकॉनचं तेल असतं. चरा दिसतो याचं कारण, त्या खाचेत हवा भरलेली असते आणि हवा व प्लॅस्टिक प्रकाशाला अगदी वेगवेगळं वळवतात. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, हवेचा जवळपास १. खाचेत १.४० चं सिलिकॉन तेल भरलं की प्रकाशाला फरक कमी जाणवतो आणि चरा अदृश्य होतो. खोबरेल तेल तर १.४५ वर, आणखी जवळ. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आठवड्यात तेल उडतं किंवा धूळ धरतं, आणि रेघा परत उगवतात. तोवर गाडी तुमच्या दारातून गेलेली असते. जुन्या गाड्या विकणारेही हेच करतात. म्हणून वाचणाऱ्यांना सांगतो, जुनी गाडी बघायला गेलात तर मीटरचं प्लॅस्टिक आधी ओल्या कपड्यानं आणि साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या, मग उन्हात बघा.

चरा खरोखर काढायचा तर एकच मार्ग आहे. खाच भरत नाही. खाचेच्या आजूबाजूचं प्लॅस्टिक खाचेच्या तळापर्यंत उतरवावं लागतं, इतकं सावकाश आणि इतकं सारखं की पृष्ठभाग पुन्हा सपाट व्हावा. तुमच्या गावापासून फार लांब नसलेल्या मिरजेत, सतारमेकर गल्लीत, हे काम दीडशे वर्षांहून जास्त काळ लाकडावर आणि भोपळ्यावर चाललंय. तिथल्या शिकलगार घराण्यांचे पूर्वज शस्त्रांना धार आणि झिलई देत. फरीदसाहेब शिकलगारांपासून ते हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा तिथं तासला जातो, जाड पेपरनं, मग मध्यम, मग बारीक, आणि लाखेचं पॉलिश पातळ हातानं पुन्हा पुन्हा चढतं. मधली पायरी कुणी गाळत नाही. गाळली तर शेवटच्या झिलईखाली पहिल्या पेपरची रेघ दिसतेच. एक दिवस गल्लीत जाऊन नुसतं बसा. तिथं कारागीर पेपर बदलण्याआधी हात झटकतो, काम पुसतो, मगच पुढे जातो.

मीटरच्या प्लॅस्टिकवर आम्ही तेच केलं. आधी कमी दाबाच्या हवेनं कडांमधली धूळ उडवली, मग मऊ ब्रश फिरवला. नंतर साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून, धुतलेलं मायक्रोफायबर कापड भिजवून पिळलं आणि न दाबता वरून खाली पुसलं. पाणी कडेनं आत उतरू द्यायचं नाही, खाली सर्किट असतं. मग नख फिरवून पाहिलं. नख अडकत नाही तो चरा पॉलिशनं जातो. नख अडकतं तिथं पेपर लागतो.

पॉलिश खास प्लॅस्टिकचंच हवं. नोव्हस, मेग्वायर्स प्लास्टएक्स अशी नावं सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. नोव्हसच्या तीन बाटल्या असतात. तीन नंबर खोल चऱ्याला, दोन नंबर बारीक रेघांना, एक नंबर शेवटच्या सफाईला. उतरत्या क्रमानं जायचं. मटाराएवढं पॉलिश, स्वच्छ कापड, हलका हात, आणि भोवतीच्या काळ्या प्लॅस्टिकला आधी चिकटपट्टी लावलेली, नाहीतर तिथं पांढरे डाग पडतात. आधी एका कोपऱ्यात करून बघायचं, कारण काही मीटरवर कठीण थराचं कोटिंग असतं आणि ते घासून उडालं तर ठिपका उठून दिसतो. टचस्क्रीनला यातलं काही लावायचं नाही. तिथं चकाकी कमी करणारं कोटिंग असेल तर पॉलिश ते खरवडून काढतं.

एक चरा नखात अडकत होता. तिथं दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एका दिशेनं, मग तीन हजारचा त्याला आडव्या दिशेनं. आडवं अशासाठी, की आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्या का ते दिसतं. दोन हजाराच्या पेपरचा कण साधारण दहा मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा. त्या टप्प्यावर सगळं प्लॅस्टिक दुधाळ दिसतं आणि छातीत धस्स होतं. पॉलिश सुरू झालं की ते उघडायला लागतं. तुमच्याकडचं ड्रिल मशीनचं बफिंग इथं नको. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या थोडं वर मऊ पडतं आणि मशीन एका जागी क्षणभर जास्त थांबलं की पृष्ठभाग चिकट होऊन ओढला जातो.

सगळ्यावर हा इलाज चालत नाही. तुमच्या दारातून जाणाऱ्या वडापच्या जीपला मागे जी लवचीक प्लॅस्टिकची खिडकी शिवलेली असते, ती व्हिनाईलची. तिला पेपर लावला तर ती फाटते. ती पिवळी पडून कडक झाली की नवी शिवून घ्यायची, पाऊस सुरू व्हायच्या आत. मीटरचा चराही फार खोल असेल तर पुढचं पारदर्शक झाकण तेवढं बदलून मिळतं का ते आधी विचारावं. पूर्ण मीटर बदलला तर किलोमीटरच्या नोंदीचा प्रश्न उभा राहतो. सुट्या भागाच्या खर्चाआधी एक दुपार पॉलिशला द्यावी असं माझं मत आहे.

एक दुपार, मालक. तुमच्या पोराला ते पुसायला मिनिटही लागलं नव्हतं. आणि त्याला हे कुणी शिकवलं होतं? त्याच्या हातात एकच फडकं कुणी दिलं होतं? तासाला किती गाड्या निघाल्या पाहिजेत हे कुणी ठरवलं होतं? त्यानं तर चमक यावी म्हणून जीव लावून घासलं. कामचुकार पोरगं असतं तर आमचं प्लॅस्टिक वाचलं असतं.

तेव्हा माझ्या मागण्या लिहून ठेवा. त्या पोराचा कापलेला पगार त्याला परत द्या. दोन रंगांची फडकी आणा. निळं फक्त पारदर्शक प्लॅस्टिकला आणि स्क्रीनला, बाकी सगळ्याला दुसरं. निळी फडकी वेगळ्या बादलीत धुवा, त्यात कपडे मऊ करायचं द्रावण टाकू नका, कारण ते धाग्यांवर थर धरतं आणि कापड धूळ उचलत नाही. निळं जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते परत मीटरवर चढणार नाही. मीटर कोरडा पुसायचा नाही, हे पोराला ओरडून सांगू नका, एकदा करून दाखवा. चकचकीत स्प्रे मारणार असाल तर गिऱ्हाइकाला विचारून मारा आणि त्यानं चरा जात नाही हेही सांगा.

गाडी पुढच्या महिन्यात पुन्हा आणणार आहे. वडील स्वतः आणतील. त्यांच्यासमोर त्या पोराच्या हातात निळं फडकं द्या आणि बाजूला उभे राहा.